नकाराची रंगीत तालीम

काही वर्षांपूर्वी नाशिकमधल्या एका शाळेत मी पालक म्हणून आगीची रंगीत तालीम पाहिली. तालमीची सूचना दोन दिवस आधीच वहीत लिहून दिलेली असल्यामुळे घंटा वाजण्यापूर्वीच मुलांनी पाण्याच्या बाटल्या गळ्यात अडकवल्या होत्या. घंटा झाली, मुले उंचीनुसार रांगेत उभी राहिली, पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून अंतर घेतले आणि बाईंच्या मागोमाग समोरच्या जिन्याने खाली उतरली. मैदानावर छायाचित्रे निघाली आणि शिस्तीबद्दल कौतुकाचे भाषण झाले. त्या इमारतीला मागच्या बाजूने दुसरा जिना होता आणि त्याच्या लोखंडी जाळीला कुलूप होते. ते मलाही दिसले ते निघताना, गाडी काढायला मागे गेलो तेव्हा. आग नेमकी कोठे लागली आहे, हेच तालमीत ठरवलेले नसल्यामुळे समोरचा जिना धुराने भरला तर काय करायचे, हा प्रश्न कोणाच्या मनात येण्याचे कारणच नव्हते.

त्या शाळेने निदान तालीम तरी घेतली, हे मान्य करायला हवे. एरवी आपण मुलांना सुरक्षितता नुसती सांगतो. अनोळखी माणसाकडून खाऊ घेऊ नये, पाण्यात उतरू नये, रस्ता ओलांडताना दोन्हीकडे पाहावे, कोणी नको तेथे हात लावला तर आईला सांगावे, ही वाक्ये मुलांना पाढ्यांसारखी पाठ असतात, आणि परीक्षेत विचारली तर पैकीच्या पैकी गुणही मिळतील. पण पाठ असलेली गोष्ट ऐन वेळी हातून घडेलच असे नाही. माझे म्हणणे दुहेरी आहे. मुलांना सुरक्षितता शिकवायची ती खऱ्या आयुष्यात घडतील अशा प्रसंगांतून, खऱ्या जागी आणि प्रत्यक्ष करून घेऊन शिकवली पाहिजे. आणि त्या प्रसंगांत सर्वांत जास्त सराव व्हायला हवा तो मोठ्या माणसाचा शब्द मोडण्याचा. पहिला भाग बहुतेकांना पटेल. दुसरा आपल्या घरांना आणि शाळांना रुचणार नाही, याची मला कल्पना आहे.

खरे तर सरावाचे महत्त्व नाशिककरांना वेगळे पटवून देण्याची गरज पडू नये. देवळालीला तोफखान्याचे प्रशिक्षण केंद्र आहे, त्र्यंबक रोडला महाराष्ट्र पोलीस अकादमी आहे, आणि या दोन्ही ठिकाणी तयार होणाऱ्या माणसांना कोणी केवळ व्याख्यान देऊन कामावर पाठवत नाही. ७ मे २०२५ रोजी देशभर नागरी संरक्षणाची रंगीत तालीम झाली तेव्हा नाशिक, मनमाड आणि सिन्नर ही तिन्ही ठिकाणे यादीत होती. प्रौढ, पगारी आणि गणवेशातल्या माणसांनाही हात-पाय वळवून घ्यावे लागतात, हे आपण गृहीत धरतो. आठ वर्षांच्या मुलाला मात्र परिपाठाच्या वेळी एकदा सांगितले की पुरे, अशी आपली समजूत आहे.

१६ जुलै २००४ रोजी कुंभकोणमच्या शाळेत स्वयंपाकघरातून पसरलेल्या आगीत ९४ मुले गेली, आणि २४ मे २०१९ रोजी सुरतमधल्या व्यापारी संकुलाच्या वरच्या मजल्यावरील शिकवणीच्या वर्गात २२ विद्यार्थ्यांचा अंत झाला. खाली उतरण्याची वाट बंद झाल्याने त्यातल्या अनेकांनी खिडक्यांतून उड्या टाकल्या होत्या. आपल्या कॉलेज रोडवर, अशोक स्तंभाच्या आसपास आणि सिडकोत अशाच वरच्या मजल्यांवर शिकवण्या चालतात. तिथे आपल्या मुलाला दुसरा जिना ठाऊक आहे का, धुरात उभे न चालता जमिनीलगत सरकायचे असते हे त्याने कधी करून पाहिले आहे का, हे प्रवेश घेताना विचारणारा पालक मला तरी अजून भेटलेला नाही. शुल्कात हप्त्यांची सोय आहे का, हे सगळे विचारतात.

मोठ्यांचा शब्द मोडण्याचा आणि आपत्तीचा संबंध काय, असे कोणी विचारील. त्याचे सर्वांत कठोर उत्तर जपानमध्ये आहे. ११ मार्च २०११ च्या त्सुनामीत ओकावा प्राथमिक शाळेतली १०८ पैकी ७४ मुले मृत्युमुखी पडली किंवा बेपत्ता झाली. भूकंपानंतर सुमारे पन्नास मिनिटे ही मुले शिक्षकांच्या सांगण्यावरून मैदानात थांबून होती आणि शाळेच्या मागेच टेकडी होती. टेकडीवर जाऊ या, असे काही मुलांनी शिक्षकांना विनवल्याचे पुढे सांगितले गेले. पालकांनी खटला भरला आणि २०१९ मध्ये जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने शहर आणि प्रांत प्रशासनावरील जबाबदारी कायम केली. त्याच दिवशी कामाइशी या गावातली जवळपास तीन हजार शाळकरी मुले वाचली. तोशिताका काताडा या प्राध्यापकांनी तेथील शाळांत काही वर्षे आधीपासून शिकवलेल्या तत्त्वांपैकी एक असे होते की धोक्याच्या नकाशावर विसंबू नका, आणि दुसरे असे की कोणाची वाट न पाहता पळणाऱ्यांत पहिले व्हा. माध्यमिक शाळेतली मुले स्वतःहून पळाली, ती पाहून शेजारच्या प्राथमिक शाळेतली मुले निघाली, आणि मोठ्यांनी लहानांचे हात धरून ठरलेल्या जागेच्याही पुढे उंचावर नेले. दोन्हीकडे मुले जपानीच होती आणि शिस्तही तीच होती. कामाइशीच्या मुलांना शिस्तीच्या जोडीला स्वतः निर्णय घेण्याची सवय लावलेली होती, आणि ती सवय त्यांनी वारंवार टेकडी चढून लावून घेतली होती.

आपल्याकडे त्सुनामी नाही, गोदावरी आहे. गंगापूर धरणातून विसर्ग वाढवला की काही तासांत रामकुंडाला पाणी चढते आणि पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला लागले, कमरेला लागले की छातीला लागले, यावरून जुने नाशिककर पुराचे माप सांगतात. त्याच वेळी होळकर पुलाच्या कठड्यावरून उड्या टाकणारी पोरे आणि त्यांचे चित्रीकरण करणारे मोठे, हे दृश्यही दर पावसाळ्याचे आहे. अशा शहरात ‘पाण्याजवळ जाऊ नका’ या सूचनेला काय अर्थ उरतो? मुले जाणारच. जागतिक आरोग्य संघटना बुडण्याचे मृत्यू टाळण्यासाठी जे उपाय सुचवते, त्यांत शाळकरी मुलांना पोहण्याबरोबरच सुरक्षित रीतीने दुसऱ्याला वाचवण्याचे कौशल्य शिकवावे, असे म्हटले आहे. बुडणाऱ्या मित्रासाठी दुसऱ्याने आणि दुसऱ्यासाठी तिसऱ्याने उडी टाकावी आणि तिघेही जावेत, अशा बातम्या आपण दर उन्हाळ्यात वाचतो. म्हणून प्रसंग असा हवा: सोमेश्वरच्या धबधब्याखाली खडकावरून मित्र घसरला आहे, तो हात वर करून ओरडतो आहे, मागे उभा असलेला एक मोठा मुलगा म्हणतो आहे, ‘बघतोस काय, टाक उडी!’ मैदानावर चुन्याने नदी आखावी, एकाने बुडणारा व्हावे, आणि उरलेल्यांनी ओढणी, काठी, दोर, रिकामा बंद डबा यांपैकी काय कसे फेकायचे, स्वतः आडवे पडून आधार कसा घ्यायचा, कोणी मदतीला पळायचे, हे करून पाहावे. उडी न टाकणे हा भित्रेपणा नाही, हे मुलांना व्याख्यानातून पटत नाही. दोर फेकून मित्राला रेषेबाहेर ओढून काढल्यावर मात्र पटते, कारण त्या वेळी त्यांच्या हाती काहीतरी केल्याचा अनुभव असतो.

गर्दीचा प्रसंग तर नाशिकला टाळताच येणार नाही. २७ ऑगस्ट २००३ रोजी सिंहस्थात रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद उताराच्या रस्त्यावर, सरदार चौकाजवळ चेंगराचेंगरीत ३९ जणांचा मृत्यू झाला. पुढचा मोठा पर्वकाळ २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात आहे, आणि पंचवटीतली मुले त्या वेळी आपल्या घरासमोरूनच ती गर्दी पाहणार आहेत. चप्पल निसटली तरी वाकायचे नाही, हात छातीसमोर धरून श्वासापुरती जागा राखायची, गर्दीच्या उलट न जाता तिरके सरकत कडेला यायचे, या तीन गोष्टी वर्गातली बाके भिंतीला लावून अर्ध्या तासात करून घेता येतात. हरवण्याचा प्रसंग त्याहून सोपा आहे आणि त्याहून जास्त वेळा घडणारा आहे. मुलाला विचारून पाहावे, ‘आईचे नाव काय?’ लहानांपैकी बरीच ‘आई’ असेच सांगतात. आईचा भ्रमणध्वनी क्रमांक पूर्वी पाठ असायचा, आता तो यंत्रात असतो. सिडकोच्या सहा योजनांतल्या एकसारख्या गल्ल्यांत राहणाऱ्या मुलाने ‘आमचं घर निळ्या गेटचं’ असे सांगून कोणाला ते सापडणार नाही. ११२ वर पलीकडून प्रश्न विचारले जातात, त्यांची उत्तरे द्यावी लागतात, फोन आपण आधी ठेवायचा नसतो, आणि कुलूपबंद फोनवरूनही आपत्कालीन क्रमांक लावता येतो, हे सारे बंद फोन कानाला लावून आणि शिक्षकांनी पलीकडची व्यक्ती होऊन शिकवता येण्यासारखे आहे. निफाड-सिन्नरच्या ऊसपट्ट्यात किंवा दारणेच्या काठी हेच वर्ग वेगळे होतील. तिथे बिबट्या दिसल्यावर पाठ फिरवून न पळता, वाकून न बसता, ओरडत मागे सरकण्याचा सराव आधी यावा लागेल.

येथवर फारसे कोणी हरकत घेणार नाही. अडचण सुरू होते ती धोका माणसाच्या रूपात येतो तेव्हा.

अमेरिकेत १९८१ साली चेरिल पोशे आणि सहकाऱ्यांनी बालवाडीच्या वयाच्या मुलांवर केलेला एक अभ्यास या विषयात पायाभूत मानला जातो. अनोळखी माणूस मुलाला तीन प्रकारे बोलावतो: नुसतेच ‘चल माझ्याबरोबर’, किंवा ‘तुझ्या बाईंनी सांगितले आहे’, किंवा ‘गाडीत तुझ्यासाठी गंमत ठेवली आहे’. प्रशिक्षणापूर्वी मुले सहज जायला तयार झाली. नंतर त्यांना एक वाक्य आणि एक कृती शिकवली गेली: ‘नाही, मला बाईंना विचारायला हवे’ असे म्हणायचे आणि पळत शाळेकडे जायचे. हे त्यांच्याकडून पुनःपुन्हा करून घेतल्यावर मात्र ती ठरल्याप्रमाणे वागली. १९८८ मध्ये पोशे यांनीच सहकाऱ्यांसह केलेल्या दुसऱ्या अभ्यासात, केवळ चित्रफीत पाहिलेल्या मुलांपेक्षा चित्रफितीबरोबर सरावही केलेली मुले स्पष्टपणे सरस ठरली. या तीन आमिषांपैकी मधले आमिष आपल्या मुलांसाठी सर्वांत धोक्याचे आहे, असे मला वाटते. खाऊला नाही म्हणायला आपण शिकवतो. ‘बाईंनी सांगितले आहे’ याला नाही म्हणायला कोणीच शिकवत नाही.

आणि धोका बहुतेक वेळा अनोळखी माणसाकडून येतच नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीत, मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पॉक्सो कायद्याखाली नोंदलेल्या बलात्काराच्या प्रकरणांत नव्वद टक्क्यांहून अधिक वेळा आरोपी मुलाच्या ओळखीचा असतो: नातेवाईक, शेजारी, कुटुंबाचा मित्र, शिकवणारा. म्हणजे ज्याच्या पाया पडायला लावले, ज्याच्या मांडीवर ‘बस ना, काकाच आहेत’ म्हणून बसवले, त्यालाच वेळ आल्यावर नकार द्यावा, अशी आपली मुलाकडून अपेक्षा असते. मोठ्यांना उलट बोलू नये, हे दिवसातून दहा वेळा आणि शरीरावर आपला हक्क आहे, हे वर्षातून एकदा पाहुण्या बाईंच्या व्याख्यानात. यातले कोणते शिक्षण मुरेल, हे सांगायला तज्ज्ञाची गरज नाही. म्हणून सरावाच्या प्रसंगात काळा चष्मा लावलेला, पोते घेऊन फिरणारा माणूस नको. प्रसंगात आवडते काका हवेत, जे म्हणतात, ‘हे आपले गुपित, आईला सांगितलेस तर तिला वाईट वाटेल.’ व्हॅनवाले दादा हवेत, जे नेहमीच्या वळणाऐवजी दुसरीकडे वळतात. खेळातून फोनवर मैत्री झालेला ‘सातवीतला मुलगा’ हवा, जो छायाचित्र मागतो. आणि हे प्रसंग मुलग्यांनाही हवेत; पॉक्सो कायदा मुलगा-मुलगी असा भेद करत नाही, आपण मात्र मुलग्यांना या वर्गातून खेळायला सोडतो.

२०२० च्या पॉक्सो नियमांनी वैयक्तिक सुरक्षिततेविषयी वयानुरूप शैक्षणिक साहित्य आणि अभ्यासक्रम तयार करण्याची जबाबदारी केंद्र आणि राज्य सरकारांवर टाकली आहे. महाराष्ट्रात २०२२ पासून शाळांनी मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती स्थापन करावी असा आदेश आहे, आणि ऑगस्ट २०२४ मधील बदलापूरच्या शाळेतील अत्याचाराच्या प्रकरणानंतर सीसीटीव्ही कॅमेऱ्यांचा आग्रह वाढला आहे. कॅमेरे असावेत. पण कॅमेरा झालेल्या घटनेचा पुरावा देतो आणि त्याला घर दिसत नाही.

अशा सरावाविरुद्ध तीन आक्षेप घेतले जातात. पहिला, मुले घाबरतील आणि त्यांचे बालपण करपेल. शाळांतील अशा कार्यक्रमांच्या २४ चाचण्यांचा आरोग्यविषयक संशोधन पडताळणाऱ्या कॉक्रेन संस्थेने २०१५ मध्ये आढावा घेतला, त्यात मुलांचे ज्ञान आणि स्वसंरक्षणाचे वर्तन सुधारल्याचे आढळले आणि त्यांची चिंता वाढल्याचा पुरावा मिळाला नाही. मात्र वास्तव आणि थरार यांत गल्लत झाली तर हा आक्षेप खरा ठरतो. अमेरिकेत शाळांमध्ये बंदूकधारी शिरल्याचे हुबेहूब नाट्य, पूर्वसूचना न देता आणि बनावट रक्त वापरून होऊ लागले, तेव्हा २०२० मध्ये तेथील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेलाच अशा प्रकारांविरुद्ध भूमिका घ्यावी लागली. आपल्याकडेही बागेत मुलाला चॉकलेटचे आमिष दाखवून, लपलेल्या कॅमेऱ्याने टिपून, पुढे ‘पाहा, तुमचे मूल किती सहज गेले’ म्हणून फिरवल्या जाणाऱ्या चित्रफिती आहेत. त्यांतल्या मुलाच्या चेहऱ्यावरचे हसू पाहवत नाही. ते मूल काही शिकत नाही, वापरले जाते. प्रसंग वास्तवाला धरून असावा, म्हणजे जागा, माणसे आणि वाक्ये ओळखीची असावीत. भीती अस्सल असण्याची गरज नाही. मुलाला माहीत असावे की आपण सराव करत आहोत. शिकलेले टिकले का, हे नकळत तपासण्याची पद्धत संशोधक वापरतात आणि तिचे फायदेही दिसले आहेत. पण घरच्यांनी ती वापरावी का, याबद्दल माझे मन अजून पक्के होत नाही. आईच आपल्याला फसवून पाहते, हे एकदा कळलेल्या मुलाने उद्या तिच्याकडे धाव घ्यावी तरी कशी?

दुसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. मुलाला स्वसंरक्षण शिकवले की संरक्षणाची जबाबदारी हळूच मुलावर सरकते, आणि काही घडले तर ‘तुला शिकवले होते ना, मग ओरडली का नाहीस?’ हा प्रश्न तयार असतो. माणूस घाबरला की थिजतो, मोठेही थिजतात. म्हणून प्रत्येक सरावाचा एक प्रयोग असा झालाच पाहिजे, ज्यात मूल ओरडू शकले नाही, पळू शकले नाही, काकांबरोबर गेलेसुद्धा, आणि तरीही दोन दिवसांनी, दोन महिन्यांनी आईजवळ बोलले. ज्या वर्गात फक्त यशस्वी नकाराचा सराव होतो, तो वर्ग अपयशी मुलांना गप्प बसायला शिकवतो.

आणि त्या प्रयोगात आईची भूमिका कोणी करायची? खऱ्या आईने. सराव मुलांपेक्षा मोठ्यांना जास्त हवा, असे मी म्हणतो ते यासाठी. मूल बिचकत म्हणते, ‘आई, मला क्लासला नाही जायचं,’ आणि आपले पहिले वाक्य येते, ‘फी भरली आहे, नाटकं नकोत.’ मूल म्हणते, ‘ते दादा मला आवडत नाहीत,’ आणि आपण म्हणतो, ‘असं बोलू नये.’ पालकसभेत गुणपत्रिका वाटण्यापूर्वी पंधरा मिनिटे एवढाच सराव व्हावा: मुलाचे असे वाक्य ऐकल्यावर तोंडातून पहिले काय निघते, ते म्हणून पाहायचे. ‘बरं झालं सांगितलंस’ हे तीन शब्द मोठ्यांच्या जिभेला वाटतात तितके सोपे नाहीत. शिक्षकांसाठी तर यापुढे कायदा उभा आहे. गुन्ह्याची माहिती किंवा शंका असूनही पोलिसांना न कळवणे हा पॉक्सोच्या कलम २१ नुसार गुन्हा आहे, मग संस्थेचे नाव कितीही मोठे असो.

तिसरा आक्षेप वेळेचा. महिन्यातून वीस मिनिटे लागतात. त्यावर अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

उलट बोलणारी पिढी तयार होईल, ही धास्ती मात्र कोणी आक्षेप म्हणून मांडत नाही, ती नुसती मनात असते. माझ्या नऊ वर्षांच्या भाचीच्या घरी त्यांनी एक परवलीचा शब्द ठरवला होता. आई-बाबांखेरीज जो कोणी शाळेत न्यायला येईल त्याने तो सांगायचा, नाहीतर जायचे नाही. शब्द होता ‘पांडवलेणी’ (आता बदलला आहे). एका दुपारी बहिणीची स्कूटर बंद पडल्याने मी गेलो आणि शब्द साफ विसरलो. भाची रखवालदाराच्या खुर्चीशेजारी उभी राहिली आणि हलेना. ‘मामा, शब्द सांग.’ बहिणीचा फोन लागत नव्हता. आजूबाजूच्या आया पाहत होत्या, एकीने तिला समजावलेही, ‘अगं, मामाच आहेत ना तुझे? मोठ्यांचं ऐकावं.’ तिने मान हलवली. पंचवीस मिनिटांनी फोन लागला, शब्द कळला आणि ती निमूट गाडीवर बसली. घरी आल्यावर तिची आजी रागावली, ‘मामाला असं उन्हात ताटकळत ठेवतात का? घरच्या माणसाला शब्द विचारतात?’

दप्तर खांद्यावरून न काढताच तिने विचारले, ‘मग ठरवला कशाला?’